दलाली कोणी द्यायची, आणि कशावर मोजायची?

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी येथील संघीय न्यायालयात एका ज्यूरीने निकाल दिला. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही एजंटांची देशव्यापी संघटना आणि काही बड्या दलाली कंपन्या यांनी संगनमत करून घरविक्रीवरील दलाली चढी ठेवली, असे ज्यूरीचे म्हणणे होते. भरपाईची रक्कम सुमारे १७८ कोटी डॉलर ठरली, आणि स्पर्धाविषयक कायद्यानुसार ती तिप्पट होण्याची टांगती तलवार होती. पुढच्या मार्चमध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून दलालीचे नवे नियम लागू झाले. या सगळ्या काळात आणि त्यानंतरही वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : खरेदीदाराच्या एजंटाचे पैसे विक्रेत्याने का द्यावेत? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे असे मला वाटते. दलाली घराच्या पूर्ण किमतीच्या टक्क्यांत मोजली जाते आणि ती केवळ सौदा पुरा झाला तरच मिळते, या दोन गोष्टींना हात लावल्याखेरीज पैसे कोणाच्या खिशातून जातात हे बदलून फारसे काही साधणार नाही.

आधी व्यवहाराची रीत पाहू. घर विकायला काढणारा माणूस एका एजंटाची निवड करतो. करार मात्र कायद्याच्या दृष्टीने त्या एजंटाशी होत नाही. तो ज्याच्या परवान्याखाली काम करतो त्या ब्रोकरशी होतो. करारात दलालीचा दर लिहिलेला असतो. अमेरिकेत तो वर्षानुवर्षे पाच ते सहा टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. त्यातला साधारण अर्धा भाग जो खरेदीदाराला घेऊन येईल त्या एजंटाच्या ब्रोकरला जातो, म्हणजे रकमेचे दोन भाग होतात. मग प्रत्येक भाग ब्रोकर आणि एजंट यांच्यात पुन्हा वाटला जातो; नवख्याला अर्धा मिळतो, ज्याच्या नावावर ग्राहक येतात अशा जुन्याजाणत्याला त्याहून बराच जास्त. हे सगळे पैसे खरेदीखत होते त्या दिवशी विक्रीच्या रकमेतून परस्पर वळते केले जातात. विक्रेत्याला चेक लिहावा लागत नाही, आणि मला वाटते की दलालीबद्दलची आपली सहनशीलता बरीचशी या एका सोयीवर उभी आहे. जो खर्च हातातून जाताना दिसत नाही त्याबद्दल घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

विक्रेत्याने दोन्ही बाजूंचे पैसे द्यायचे, ही रीत आली कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी स्थानिक एजंट-मंडळे दलालीचे दर उघडपणे छापून सभासदांवर बंधनकारक करत. वॉशिंग्टनच्या मंडळाच्या अशा दरपत्रकाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५० साली न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवले. दरपत्रक गेले, पण टक्केवारीची सवय राहिली. त्याहून रोचक गोष्ट अशी की १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खरेदीदाराला गाडीत घालून घरे दाखवत हिंडणारा एजंट कायद्याने बहुधा विक्रेत्याचाच उपएजंट असे. खरेदीदाराने त्याला विश्वासाने सांगावे की आपण आणखी दहा हजारांपर्यंत चढू शकतो, आणि त्याने ते विक्रेत्याच्या कानावर घालणे हेच त्याचे कर्तव्य असावे, असा तो प्रकार होता. संघीय व्यापार आयोगाच्या १९८३च्या अहवालात बहुसंख्य खरेदीदारांचा समज नेमका उलटा असल्याचे दिसून आले होते. पुढे ही उपएजंटाची पद्धत मोडीत निघाली आणि खरेदीदाराला स्वतःचा एजंट मिळाला. पैसे मात्र पूर्वीच्याच वाटेने येत राहिले. दोघेही विक्रेत्यासाठी राबत होते तेव्हा दोघांचे पैसे त्याने देण्यात तर्क होता. तर्क संपल्यावरही तीस वर्षे वहिवाट चालू राहिली. या वहिवाटीला टेकू देणारा नियम असा होता की एजंटांच्या सामायिक यादीत, म्हणजे मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिसमध्ये, घर नोंदवायचे तर खरेदीदाराच्या एजंटाला किती देणार हे आधीच जाहीर करावे लागे. कागदोपत्री तो आकडा अगदी नाममात्रही ठेवता येत असे. ज्याने तसा ठेवला त्याचे पुढे काय होई, ते ओघात येईलच.

आता टक्केवारीकडे वळू. चार लाख डॉलरचे घर आणि सहा टक्के दलाली धरू. एकूण चोवीस हजार. विक्रेत्याच्या बाजूला बारा हजार. त्यातून ब्रोकरचा अर्धा वाटा गेला की एजंटाच्या हातात सहा हजार. म्हणजे एजंटाचा स्वतःचा वाटा किमतीच्या दीड टक्का. समजा, चार लाखांची मागणी समोर आली आहे आणि आणखी तीन आठवडे थांबले, दोन वेळा घर पुन्हा मांडून दाखवले, तर चार लाख वीस हजार मिळण्याची बरी शक्यता आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने त्या तीन आठवड्यांची किंमत दलाली वजा जाता अठरा हजार आठशे डॉलर. एजंटाच्या दृष्टीने तीनशे. उलट आजचा खरेदीदार निसटला तर एजंटाचे सहा हजार धोक्यात येतात, शिवाय तीन आठवड्यांचे पेट्रोल, फोन आणि रविवार त्याचेच जातात. अशा वेळी त्याचा सल्ला “आलेली मागणी घेऊन टाका” असाच पडणार. यासाठी तो लबाड असण्याची काहीही गरज नाही. चांगला, कष्टाळू, स्वतःच्या सल्ल्यावर मनापासून विश्वास असलेला माणूसही नेमके हेच सांगेल, कारण त्याच्या जागेवरून बाजार तसाच दिसतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींची छाननी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एजंट जेव्हा स्वतःचे घर विकतात तेव्हा त्यांना तशाच इतर घरांपेक्षा सरासरी ३.७ टक्के जास्त किंमत मिळते आणि ते घर बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त राहते. स्वतःच्या घराबाबत ते थांबतात, ग्राहकाच्या घराबाबत थांबत नाहीत. टक्केवारीमुळे एजंटाचे आणि विक्रेत्याचे हित एक होते, किंमत वाढली की दोघांचा फायदा होतो, हा या पद्धतीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद आहे. दिशा एक होते हे खरे. पण दीड टक्क्याच्या ओढीने कोण किती चालणार?

टक्केवारीचा दुसरा दोष कमी बोलला जातो. टक्का लागतो घराच्या पूर्ण किमतीवर, विक्रेत्याच्या मालकीच्या भागावर नव्हे. वरच्याच घरावर बँकेचे तीन लाख चाळीस हजार कर्ज शिल्लक असेल, तर विकून विक्रेत्याच्या हाती पडणारे स्वतःचे पैसे साठ हजार. त्यातले चोवीस हजार दलालीत गेले, म्हणजे त्याच्या खऱ्या भांडवलाचे चाळीस टक्के. शेजारच्या घराचे कर्ज फिटलेले असेल, तर त्या मालकाला त्याच कामाचा भार सहा टक्केच. घर घेऊन चारपाच वर्षेच झालेली, नोकरी बदलली किंवा घरात फाटाफूट झाली म्हणून विकायला निघालेली कुटुंबे या हिशेबात सर्वांत जास्त चेपली जातात, आणि त्यांना सांगितला जाणारा आकडा मात्र तोच, निरुपद्रवी वाटणारा सहा.

मग स्पर्धेने हे दर खाली का येत नाहीत? एजंट लाखोंच्या संख्येने आहेत, परवाना मिळवणे फारसे अवघड नाही, आणि बहुतेक धंद्यांत एवढी गर्दी झाली की भाव पडतात. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील ठरीव दलाली १ मे १९७५ रोजी रद्द झाली आणि पुढच्या काही वर्षांत स्वस्त दलाल उभे राहिले. घरांच्या बाबतीत तसे घडले नाही. एक कारण उघड आहे : माणूस आयुष्यात दोनतीनदा घर विकतो, त्यामुळे तो या बाजारात कायमच नवखा असतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. विक्रेत्याच्या एजंटाला ग्राहक आणून देणारा माणूस हा दुसऱ्या बाजूचा एजंट असतो आणि त्याचा मोबदला यादीत दिसत असे. पान्ले जिया बारविक, पराग पाठक आणि मैसी वाँग यांनी बॉस्टनच्या परिसरातील अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. खरेदीदाराच्या एजंटाला कमी दलाली देऊ करणारी घरे विकली जाण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी होती आणि विकायला बारा टक्के जास्त वेळ लागत होता, असे त्यांना आढळले. कोणी कोणाला धमकी दिली नाही. दहा घरांपैकी ज्या दोनांत पैसा कमी आहे ती खरेदीदाराला दाखवायची राहून गेली, एवढेच. आणि हे टाळण्याचा सोपा उपाय विक्रेत्याचा एजंटच त्याला सांगत असे : “इथे सगळे जेवढे देतात तेवढे आपणही ठेवू.” भाव पाडणाऱ्याला शिक्षा करणारी यंत्रणा कोणीही न चालवता आपोआप चालत होती.

यातून एजंट गब्बर झाले असतील असे वाटेल, आणि इथेच या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. चांग-ताय श्ये आणि एन्रिको मोरेत्ती यांनी अमेरिकेच्या १९८० आणि १९९०च्या जनगणनेची आकडेवारी वापरून वेगवेगळ्या शहरांची तुलना केली. जिथे घरे महाग, तिथे एका सौद्यामागची दलाली मोठी. कारण टक्का सगळीकडे जवळजवळ सारखाच. मग महाग शहरांतले एजंट जास्त कमावत असावेत? तसे नव्हते. महाग शहरांत एजंटांची संख्याच जास्त होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाकाठी कमी घरे येत होती. बॉस्टनमधली घरे मिनिआपोलिसच्या मानाने सुमारे दुप्पट महाग होती, आणि तिथला एजंट जवळपास निम्मीच घरे विकत होता. कमाई दोघांची सारखी.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. विक्रेत्याने दिलेला जादा पैसा एजंटाच्या घरी जाऊन तिथे सुखाने राहत असता, तर तो निदान एकाकडून दुसऱ्याकडे गेला असे म्हणता आले असते आणि वाद न्यायाचा उरला असता. पण तो तसा राहत नाही. तो नव्या एजंटांना धंद्यात ओढतो आणि मग हे सारे एजंट घरे विकण्यात घालवतात त्याहून जास्त वेळ ग्राहक मिळवण्यात घालवतात : चेहरा छापलेली पत्रके, बाकांवरच्या जाहिराती, दारोदार टाकलेली भेटकार्डे, ओळखीच्यांच्या समारंभांतली हजेरी. या खटपटीतून समाजाच्या हाती एकही घर जास्त पडत नाही. म्हणून ‘एजंट लुटतात’ हा सरसकट आरोप मला पटत नाही. वर्षाला मोजकीच घरे विकून कसाबसा संसार चालवणारा एजंट लुटारू नाही. तो या पद्धतीत अडकलेला आहे, विक्रेत्यासारखाच. किमतीवर स्पर्धा करता येत नसेल तर स्पर्धा गर्दीच्या रूपाने होते, आणि त्या गर्दीचा खर्च घरविक्रीच्या हिशेबात भरला जातो.

एजंटांच्या बाजूचे म्हणणे इथे पुढे मांडायलाच हवे, कारण त्यात तथ्य आहे. न विकल्या गेलेल्या घरामागे केलेली मेहनत फुकट जाते. सहा महिने हेलपाटे घातल्यावर विक्रेता म्हणतो की विचार बदलला, आणि एजंटाच्या हाती काही लागत नाही. यशस्वी सौद्याच्या दलालीत अशा फसलेल्या सौद्यांचा खर्च अंतर्भूत असतो. शिवाय घराची किंमत ठरवणे, खरेदीदाराची ऐपत पारखणे, तपासणीत छताची गळती निघाली की तुटू पाहणारा सौदा सावरणे, कर्जमंजुरीची मुदत आणि ताब्याची तारीख यांचा मेळ घालणे, ही कामे खरी आहेत. ज्यांनी ती स्वतः करून पाहिली ते त्यांना हलके म्हणणार नाहीत. प्रश्न आहे तो या कामांचे मोल किमतीच्या प्रमाणात वाढते का, हा. आठ लाखांचे घर विकायला चार लाखांच्या घराच्या दुप्पट श्रम पडतात असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. आणि या कामांनी किंमत वाढते का, याचे उत्तरही एजंटांच्या जाहिरातींइतके निःशंक नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात मालकांनी स्वतःच घरे विकण्यासाठी असलेल्या संकेतस्थळाची एजंटांच्या यादीशी तुलना करणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यादीतून विकलेल्या घरांना जास्त किंमत मिळाल्याचे दिसले नाही. ती विकली मात्र लवकर गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील घरे तिथल्या प्राध्यापकांना आणि ठरावीक कर्मचाऱ्यांनाच विकता येतात आणि त्यांची यादी विद्यापीठ स्वतः ठेवते. डग्लस बर्नहाइम आणि जोनाथन मीर यांना तिथे एजंट नेमलेल्या घरांची किंमत उलट ५.९ ते ७.७ टक्क्यांनी कमी आढळली. हा बाजार छोटा आणि वेगळा आहे, त्यावरून सगळ्या जगाचा निवाडा करू नये. पण त्यातून एवढे दिसते की एजंट जे देतो त्यात यादीतला प्रवेश ही एक वस्तू आहे आणि सल्ला ही दुसरी, आणि आपण दोन्ही एकाच टक्क्यात विकत घेतो.

ऑगस्ट २०२४चे नियम या चित्रात कुठे बसतात? खरेदीदाराच्या एजंटाला किती मिळणार हे आता यादीत लिहिता येत नाही, आणि घर दाखवण्यापूर्वी खरेदीदाराने आपल्या एजंटाशी लेखी करार केला पाहिजे. त्या करारात मोबदला स्पष्ट रकमेत किंवा दरात लिहिलेला हवा, आणि त्याहून जास्त पैसे एजंटाला कुठूनही घेता येत नाहीत. हे शेवटचे कलम फारसे गाजले नाही, पण मला ते सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘अमुक घर दाखवले तर जास्त मिळेल’ हा मोह त्याने कापला जातो. उरलेल्याचा परिणाम मात्र मर्यादित आहे. यादीबाहेर, फोनवर किंवा एजंटाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, विक्रेता अजूनही खरेदीदाराच्या एजंटाला पैसे देऊ करू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी तसेच चालले आहे. नियम आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दरात ठळक घसरण दिसली नाही. न्याय विभागाने तर फेब्रुवारी २०२४ मध्येच मॅसॅच्युसेट्समधील एका वेगळ्या खटल्यात अशी भूमिका मांडली होती की विक्रेत्याने खरेदीदाराच्या एजंटाचा मोबदला देऊ करण्याची प्रथाच बंद व्हावी.

इतके टोक गाठायला मी कचरतो, आणि त्याला कारण आहे. विक्रेत्याने दिलेली दलाली घराच्या किमतीत मुरलेली असते, म्हणजे खरेदीदार ती गृहकर्जातून तीस वर्षांत फेडतो. ती स्वतंत्रपणे द्यायची झाली तर रोख द्यावी लागते, आणि पहिले घर घेणाऱ्याकडे नेमकी रोखच नसते. माजी सैनिकांना सरकारी हमीवर मिळणाऱ्या कर्जाच्या नियमांत तर खरेदीदाराने एजंटाला पैसे देण्याला मनाईच होती. नवे नियम लागू होण्याच्या तोंडावर ती तात्पुरती उठवावी लागली, नाहीतर हे खरेदीदार एजंटाविनाच राहिले असते. पैसे कोणी द्यायचे या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एका फटक्यात बदलले की कोणाच्या तरी पायाखालची जमीन अशी सरकते.

जर्मनीने या बाबतीत मधला मार्ग काढला. तिथे काही राज्यांत एजंट विक्रेत्याने नेमायचा आणि दलाली पूर्णपणे खरेदीदाराने भरायची, असा उलटा प्रकार रूढ होता. २३ डिसेंबर २०२० पासून, सदनिका किंवा एका कुटुंबाचे घर स्वतःसाठी विकत घेणाऱ्याच्या बाबतीत, ज्याने एजंट नेमला त्याने किमान अर्धा भार उचललाच पाहिजे, असा कायदा आहे. ज्याला पैसे द्यावे लागतात तो भाव विचारतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. इंग्लंडमध्ये विक्रेता एजंट नेमतो आणि साधारण एक ते दोन टक्के देतो. खरेदीदाराचा स्वतंत्र एजंट सहसा नसतोच. तिथली घरे कोसळलेली नाहीत आणि सौदेही होतात. सहा टक्क्यांशिवाय बाजार चालणारच नाही, या म्हणण्याला एवढे उदाहरण पुरेसे आहे. मात्र दर कमी झाला तरी टक्केवारीतली मूळ खोट राहतेच, उलट थोडी वाढते : एक टक्का घेणाऱ्या एजंटाला जादा वीस हजारांतून आणखीच कमी मिळतात.

टक्केवारी नको तर ठोक रक्कम, असा विचार लगेच मनात येतो. ब्रिटनमधील पर्पलब्रिक्स या कंपनीने तो करून पाहिला. घर विकले जावो वा न जावो, ठरलेली रक्कम द्यायची. काही वर्षे कंपनीचा बोलबाला झाला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतही तिने पाय पसरले. २०१९ मध्ये दोन्हीकडून काढते पाऊल घेतले आणि २०२३ मध्ये तिचा धंदा नाममात्र एका पौंडाला विकला गेला. कारणे अनेक असतील, पण रचनेतला एक दोष आधीपासून दिसत होता. नोंदणीच्या दिवशीच ज्याची कमाई ठरून जाते त्याला पुढच्या तीन महिन्यांत धावपळ करण्याचे कारण उरत नाही. टक्केवारीत एजंटाला सौदा पुरा करण्याची घाई असते. बिनशर्त ठोक रकमेत सौदा पुरा झाला काय आणि न झाला काय, सारखेच.

म्हणून मला योग्य वाटते ती रचना मिश्र आहे. घराची छायाचित्रे, मोजमाप, यादीतली नोंद, जाहिरात यांचा खर्च वेगळा आणि ठोक असावा, तो घर विकले न गेले तरी द्यावा. त्यामुळे फसलेल्या सौद्यांचा बोजा यशस्वी विक्रेत्यांवर पडणार नाही. सौदा तडीस नेण्याच्या कामाला एक ठरीव रक्कम असावी, ती खरेदीखताच्या दिवशी द्यावी. आणि आधी ठरवलेल्या आधारकिमतीच्या वर जे मिळेल त्यात एजंटाला खरा, जाणवेल असा वाटा असावा : दीड टक्का नव्हे, पंधरा-वीस टक्के. मघाच्या उदाहरणात आधारकिंमत चार लाख आणि वरच्या रकमेतला वाटा वीस टक्के धरला, तर त्या तीन आठवड्यांची किंमत एजंटाला तीनशेऐवजी चार हजार होते, मग त्यातून ब्रोकरचा वाटा जाईना का. आता तो थांबेल, आणि थांबण्याचा सल्ला देताना त्याचे आणि विक्रेत्याचे गणित एकाच भाषेत बोलेल.

यात एक खाचखळगा आहे आणि तो लहान नाही. आधारकिंमत कोण ठरवणार? आज एजंट घर मिळवण्यासाठी आधी फुगवलेली किंमत सांगतो, करार झाला की महिन्याभराने ‘बाजार थंड आहे’ म्हणून ती उतरवायला लावतो. वरच्या रकमेत वाटा मिळणार म्हटल्यावर तो उलट करील : आधारकिंमत मुद्दाम खाली सांगेल आणि सहज मिळणाऱ्या रकमेतही वाटा घेईल. माहिती त्याच्याकडे जास्त आहे हे मूळ दुखणे कोणत्याही सूत्राने जात नाही. पण ते बरेच सौम्य करता येते : आधारकिंमत सौद्याशी संबंध नसलेल्या, ठरावीक शुल्क घेणाऱ्या मूल्यांकनकाराने काढावी, आणि दोन एजंटांकडून स्वतंत्र प्रस्ताव घ्यावेत. ज्याचा अंदाज खाली त्याला काम मिळणार नाही, ज्याचा फुगवलेला त्याला वाटा मिळणार नाही.

सुधारणेची खरी जागा कराराचा कागद आहे, आणि तो मुळातून वाचणारे विक्रेते थोडे. अमेरिकेतल्या नेहमीच्या करारात विक्रीचा एकमेव अधिकार ब्रोकरला दिलेला असतो. म्हणजे विक्रेत्याने आपल्या चुलतभावाला घर विकले, एजंटाने त्यासाठी बोटही हलवले नाही, तरी पूर्ण दलाली लागू होते. पुढे आणखी एक कलम असते : कराराची मुदत संपल्यावरही अमुक महिन्यांत, एजंटाने पूर्वी ज्याला घर दाखवले होते अशा कोणी ते घेतले तर दलाली द्यावी लागेल. आणि अनेक करारांत दलाली देय होण्याचा क्षण खरेदीखताचा नसतो. तयार, राजी आणि ऐपत असलेला खरेदीदार समोर आणून उभा केला की एजंटाचे काम झाले असे मानले जाते, मग विक्रेत्याने ऐनवेळी माघार घेतली तरी पैसे मागता येतात. यातले प्रत्येक कलम बोलणीत बदलता येते. चुलतभावाचे नाव वगळता येते, मुदत सहा महिन्यांऐवजी तीन करता येते, दलाली प्रत्यक्ष पैसे हाती आल्यावरच देय ठरवता येते. पण त्यासाठी विक्रेत्याला हे माहीत असावे लागते त्याच वेळी, जेव्हा एजंट त्याच्या बैठकीच्या खोलीत बसून घराचे कौतुक करत असतो. विक्रीच्या दिवशी कळून उपयोग नसतो. दलालीची अपेक्षित रक्कम डॉलरमध्ये आणि कर्ज वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या प्रमाणात, अशा दोन्ही रूपांत पहिल्याच पानावर लिहिण्याची सक्ती केली, तर कोणत्याही दरनियंत्रणाहून तिचा परिणाम जास्त होईल असा माझा कयास आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. टक्केवारीत महाग घराचा मालक जास्त देतो आणि स्वस्त घराचा मालक कमी, म्हणजे एक प्रकारे श्रीमंतांच्या सौद्यांवर गरिबांचे सौदे पोसले जातात. ठोक रक्कम आली की आठ लाखांच्या घरावर पाच हजार म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त, आणि एक लाखाच्या घरावर तेच पाच टक्के. सिद्धान्त म्हणून हे खरे आहे. व्यवहारात मात्र एक लाखाच्या घरातून एजंटाच्या हाती दीडएक हजारच पडतात, त्यामुळे त्याला अशा घराची विशेष ओढ नसते; ते नवख्याकडे जाते किंवा घेतले तरी मागे पडते. स्वस्त घराच्या मालकाला टक्केवारी जे संरक्षण देते असे म्हटले जाते, ते दरात मिळते आणि सेवेत काढून घेतले जाते. त्याला बहुतेक वेळा पूर्ण थाळी नको असते. यादीत नोंद, किमतीचा एक प्रामाणिक अंदाज आणि कागदपत्रे तपासून देणारा कोणी, एवढे त्याला पुरते. या तीन गोष्टींचे सुटे दर जाहीरपणे लावणे ब्रोकरांवर बंधनकारक केले, आणि सुटी सेवा घेणाऱ्याचे घर यादीत इतरांच्या बरोबरीने दिसेल याची जबाबदारी यादी चालवणाऱ्या संस्थेवर टाकली, तर त्याचा खर्च आजच्या टक्क्याहूनही खाली येऊ शकेल.